विदर्भातल्या उन्हाळ्यात विजेच्या दुचाकीची लिथियम बॅटरी कशी वापरावी

मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे पारा 45 अंशांच्या पुढे जाणे नेहमीचेच आहे, आणि नागपुरात मे 2013 मध्ये तो 47.9 अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. लिथियम-आयन सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी बहुधा 0 ते 45 अंश आणि वापरासाठी उणे 20 ते 60 अंश अशी मर्यादा छापलेली असते. म्हणजेच नवतपाच्या दुपारी सावलीतील हवाच चार्जिंगची वरची मर्यादा गाठते, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आसनाखालची बॅटरी त्याच्याही पलीकडे गेलेली असते.

तरीही या प्रदेशात विजेची दुचाकी अनेक वर्षे समाधानकारक चालू शकते. त्यासाठी एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते : बॅटरी तापलेली आणि काठोकाठ भरलेली अशा दोन्ही अवस्थांत एकाच वेळी जितके तास राहते, तितके तिचे आयुष्य वेगाने घटते. पुढील सर्व पायऱ्या हे तास कमी करण्यासाठी आहेत. ज्यांनी पहिल्यांदाच विजेची दुचाकी घेतली आहे किंवा घेण्याचे ठरवले आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

पहिली पायरी : आपल्या बॅटरीची जात ओळखा

प्रत्येक लिथियम-आयन सेलमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा थर, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एखाद्या लिथियमयुक्त धातुसंयुगाचा थर, या दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा सच्छिद्र पडदा आणि सगळीकडे भिनलेला ज्वलनशील सेंद्रिय द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, असतो. चार्जिंग करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात आणि गाडी चालवताना ते परत धातुसंयुगाकडे जातात. पहिल्याच चार्जिंगच्या वेळी ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ संरक्षक साय तयार होते. ही साय इलेक्ट्रोलाइटला ग्रॅफाइटपासून दूर ठेवते. उष्णतेमुळे ती हळूहळू झिजते, पुन्हा तयार होते आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवते. बॅटरी म्हातारी होते ती प्रामुख्याने अशी. ढोबळ नियम असा की तापमान दर 10 अंशांनी वाढले की या झिजेचा वेग सुमारे दुप्पट होतो.

भारतीय दुचाकींमध्ये मुख्यतः दोन रसायने आढळतात. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या मिश्र ऑक्साइडचे सेल एनएमसी म्हणून ओळखले जातात. त्यांचा सरासरी व्होल्टेज 3.6 ते 3.7 आणि पूर्ण भरल्यावरचा 4.2 असतो. लोह-फॉस्फेटचे सेल, म्हणजे एलएफपी, 3.2 व्होल्टचे असून पूर्ण भरल्यावर 3.65 व्होल्टपर्यंत जातात. त्याच वजनात एनएमसीमध्ये अधिक ऊर्जा मावते, म्हणून गाडी हलकी होते आणि एका चार्जमध्ये लांब पल्ला गाठते. एलएफपीमध्ये मात्र ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. सेल खूप तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही, आणि आगीला आतूनच मिळणारा ऑक्सिजन बहुतांशी टळतो. हे रसायन जगासमोर आणणाऱ्या 1997 मधील शोधनिबंधाचे पहिले दोन लेखक अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे भारतीय वंशाचे संशोधक होते, तर तिसरे जॉन गुडइनफ, ज्यांना लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी 2019 चे नोबेल विभागून मिळाले.

रोजचा प्रवास चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत असेल आणि गाडी उघड्यावर उभी राहणार असेल, तर विदर्भातील खरेदीदाराने थोडे वजन आणि थोडा कमी पल्ला पत्करून एलएफपी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एलएफपी पेटतच नाही, हे विक्रेत्याचे वाक्य खरे मानू नये. इलेक्ट्रोलाइट तिच्यातही ज्वलनशीलच असतो.

बॅटरीची जात पॅकवरील, म्हणजे अनेक सेल एकत्र जोडून बसवलेल्या डब्यावरील, पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेली असते. ती तेथे नसेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.

दुसरी पायरी : खरेदीच्या वेळीच चौकशी करा

मार्च 2022 मध्ये पुण्यात एका विजेच्या स्कूटरला लागलेल्या आगीची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि त्या उन्हाळ्यात अशा आणखी घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने विजेच्या दुचाकींच्या बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 हे मानक अधिक कडक केले. त्यातील सुधारणांचा पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून लागू झाला. पॅकमध्ये धूळ आणि पाणी शिरू नये, एका सेलने पेट घेतल्यास आग शेजारच्या सेलकडे पसरण्याबाबतची चाचणी व्हावी, तापमान बेसुमार वाढल्यास चालकाला इशारा मिळावा, अशा अटी या सुधारणांमध्ये आहेत. म्हणून मार्च 2023 पूर्वी बनलेली गाडी जुन्या बाजारात स्वस्त मिळत असेल, तर तिच्या निर्मितीचा महिना जरूर पाहावा.

ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि नोंदणी न लागणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ही चौकशी अधिक काटेकोरपणे करावी. स्थानिक बाजारात सुटे सेल जोडून बनवलेले पॅक मिळतात. अशा पॅकमधील सेल नवे आहेत की दुसऱ्या बॅटरीतून काढलेले, त्यांच्यातील अंतर किती, तापमान मोजणारे संवेदक किती आणि कोठे बसवले आहेत, यांपैकी काहीही बाहेरून दिसत नाही. दोन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी ही अनिश्चितता आपल्या घराच्या जिन्याखाली आणून ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरी पायरी : उष्णता कोठून येते हे समजून घ्या

सेलमधून प्रवाह वाहतो तेव्हा त्याच्या अंतर्गत रोधामुळे उष्णता निर्माण होते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सुमारे 2.9 किलोवॅट-तासांच्या एका पॅकमध्ये 5 अँपिअर-तासांचे 160 सेल आहेत आणि प्रत्येकाचा रोध 20 मिलिओहम आहे असे धरू. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाताना प्रत्येक सेलमधून सुमारे 2.5 अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर संपूर्ण पॅकमध्ये 20 वॅट उष्णता तयार होईल. मागे माणूस बसवून वेग वाढवला आणि प्रवाह 5 अँपिअर झाला, तर ती 80 वॅट होईल, आणि उड्डाणपुलाच्या चढावर क्षणभर 10 अँपिअर लागले, तर 320 वॅट. प्रवाह चौपट, उष्णता सोळापट.

याच कारणाने बॅटरी रिकामी होत आली असताना गाडी जोरात पळवू नये. चार्ज कमी असताना सेलचा व्होल्टेज घसरलेला असतो, तीच शक्ती देण्यासाठी अधिक प्रवाह लागतो, आणि अगदी तळाशी अंतर्गत रोधही वाढलेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली बॅटरी जाऊ न देणे आणि त्याखाली गेलीच तर सावकाश चालवणे योग्य.

चार्जिंगमध्येही उष्णता निर्माण होते, पण तिचे प्रमाण बहुतेकांना वाटते त्यापेक्षा वेगळे आहे. 3 किलोवॅट-तासांची बॅटरी सावकाश भरताना तिच्या सेलमध्ये 2 टक्के ऊर्जा उष्णतेत गेली असे मानले, तर ती 60 वॅट-तास होते. वीस किलो वजनाच्या पॅकमधून ही उष्णता अजिबात बाहेर पडली नाही, तर त्याचे तापमान सुमारे 11 अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात पाच तासांत तिचा काही भाग निघून जातो, पण पाणी आणि धूळ रोखण्यासाठी बंदिस्त केलेला पॅक उष्णताही सहज सोडत नाही. 32 अंशांवर असलेला पॅक या हिशेबाने 43 अंशांच्या आत राहतो. बाहेरून नुकताच आलेला 44 अंशांचा पॅक लगेच चार्जिंगला लावला, तर तो 50 च्या पुढे जाऊ शकतो. चार्जर तोच, बॅटरी तीच, फरक केवळ सुरुवातीच्या तापमानाचा.

आता याची तुलना उन्हाशी करावी. 60 वॅट-तास पाच तासांत म्हणजे सरासरी 12 वॅट. मे महिन्याच्या भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट सौरऊर्जा पडते, म्हणजे आसन आणि पायदान यांचा पाव चौरस मीटर भाग जरी उन्हात असेल, तरी त्यावर 250 वॅट पडत असतात. त्यातले काही परावर्तित होतात, काही वारा नेतो, पण उरलेली उष्णताही चार्जिंगच्या उष्णतेपेक्षा मोठी असू शकते. म्हणून गाडी कोठे उभी करावी हा प्रश्न चार्जर कोणता या प्रश्नापेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

चौथी पायरी : दिवसाचे वेळापत्रक बसवा

कार्यालयात किंवा दुकानापाशी पोहोचल्यावर गाडी झाडाच्या अथवा इमारतीच्या सावलीत लावावी, आणि सावली दुपारी कोणत्या बाजूला सरकते याचा सकाळीच अंदाज घ्यावा. टिनाच्या शेडखाली ऊन थेट लागत नाही, परंतु तापलेले टिन खाली उष्णता फेकत असते. शेड उंच आणि चारही बाजूंनी मोकळी असेल तरच तिचा भरवसा धरावा. फ्लॅट स्कीममध्ये तळमजल्याचे पार्किंग असेल, तर उन्हाळ्यापुरती आतल्या बाजूची जागा मिळते का हे शेजाऱ्यांशी बोलून पाहावे. झाकण्यासाठी काळे प्लास्टिक वापरू नये. फिकट रंगाचे सुती कापड चालते.

संध्याकाळी घरी आल्याबरोबर चार्जर लावण्याची सवय सोडावी. हाच या लेखातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे. गाडीच्या ॲपमध्ये बॅटरीचे तापमान दिसत असेल, तर ते 35 अंशांच्या जवळ येईपर्यंत थांबावे. दिसत नसेल, तर किमान दोन तास जाऊ द्यावेत. हात लावून अंदाज घेण्यात चूक होते, कारण पॅकचे बाह्य आवरण आधी थंड होते आणि आतल्या सेलची उष्णता मागे राहते.

त्याहून चांगली पद्धत म्हणजे पहाटे चार्जिंग करणे. विदर्भात मेमध्येही दिवसातील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते. बॅटरी भरायला चार तास लागत असतील आणि आपण सकाळी 9 वाजता निघत असाल, तर 4 किंवा 5 वाजता चार्जिंग सुरू होईल अशी वेळ ॲपमध्ये ठरवून द्यावी. यातून दोन लाभ होतात : बॅटरी दिवसातल्या सर्वांत थंड वेळी भरली जाते, आणि पूर्ण भरल्यानंतर ती तशीच तासन्तास पडून राहत नाही. चार्जिंग चालू असताना घरातील कोणी तरी जागे असावे, हे मात्र पाहावे. ते शक्य नसेल, तर रात्री जेवणानंतर चार्जिंग लावून झोपण्यापूर्वी ते बंद करणे हा मधला मार्ग आहे.

रोजच्या वापराला 80 टक्के पुरत असतील, तर तेथेच थांबावे. एनएमसी बॅटरीच्या बाबतीत याचा लाभ विशेष असतो. एलएफपीचा व्होल्टेज बराच काळ जवळपास एकसारखा राहतो. त्यामुळे नियंत्रक प्रणालीला, म्हणजे बीएमएसला, उरलेल्या चार्जचा अंदाज बांधणे अवघड जाते आणि तिला अधूनमधून पूर्ण चार्जची गरज असते. निर्मात्याने आठवड्यातून एकदा 100 टक्के भरण्यास सांगितले असेल तर ते पाळावे, पण भरल्यानंतर लवकर गाडी बाहेर काढावी.

बॅटरी काढून घरात आणता येत असेल, तर ती घरातल्या थंड खोलीत, फरशीवर, भिंतीपासून थोडे अंतर राखून ठेवावी. गादी, सोफा, लाकडी कपाट यांच्याजवळ ती भरू नये. घराबाहेर पडण्याच्या एकमेव दाराजवळ किंवा जिन्यातही ठेवू नये, कारण काही विपरीत घडले तर आपली वाट तीच अडवील. कूलरच्या हवेच्या झोतात बॅटरी ठेवण्याचा मोह होतो. कोरडा पंखा पुरे, कारण कूलरची दमट हवा आणि त्यातून उडणारे पाणी चार्जरच्या जोडणीला घातक ठरते. त्याचप्रमाणे तापलेल्या पॅकवर पाणी ओतणे, ओले फडके किंवा बर्फ ठेवणे टाळावे. त्यामुळे बाहेरचे सेल आतल्यांपेक्षा लवकर थंड होऊन पॅकमध्ये तापमानाची तफावत निर्माण होते, आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या पॅकचे रबरी सील पूर्वीइतके पक्के राहिले असतील याची खात्री देता येत नाही.

पाचवी पायरी : चार्जर आणि सॉकेट

चार्जरवर लिहिलेला 48 किंवा 60 व्होल्ट हा आकडा पुरेसा नसतो. 48 व्होल्टचा एनएमसी पॅक बहुधा 13 सेल एकापुढे एक जोडून बनवतात, आणि तो 54.6 व्होल्टला पूर्ण भरतो. 48 व्होल्ट याच नावाने विकल्या जाणाऱ्या 16 सेलच्या एलएफपी पॅकचा चार्जर 58.4 व्होल्ट देतो. हा दुसरा चार्जर पहिल्या पॅकला लावला, तर प्रत्येक एनएमसी सेलवर 4.2 ऐवजी सुमारे 4.5 व्होल्ट येतील. बीएमएस चार्जिंग तोडील अशी अपेक्षा असते, पण ती शेवटची संरक्षक भिंत आहे आणि रोज तिच्यावरच भार टाकणे धोक्याचे आहे. शेजाऱ्याचा चार्जर पिनेत बसतो म्हणून वापरू नये. चार्जर बिघडला तर निर्मात्याकडूनच दुसरा घ्यावा, आणि त्याच्यावरील पूर्ण चार्जचा व्होल्टेज जुन्या चार्जरशी जुळतो का हे स्वतः वाचून पाहावे.

चार्जरसाठी अर्थिंग असलेले 16 अँपिअरचे सॉकेट थेट भिंतीवर असावे. लांब एक्स्टेंशन बोर्डाची सैल पिन बॅटरीच्या आधी स्वतः तापते. जलद चार्जिंग उन्हाळ्यात शक्यतो सकाळपुरते ठेवावे, कारण वर सांगितलेला वर्गाचा नियम चार्जिंगलाही लागू पडतो.

सहावी पायरी : गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर

सुट्टीत गावी जाताना बॅटरी 100 टक्के भरून ठेवणे ही मोठी चूक आहे. 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान चार्ज ठेवून गाडी सावलीत उभी करावी, आणि बॅटरी काढता येणारी असेल तर ती घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी. पूर्ण रिकामी करूनही ठेवू नये. बीएमएस स्वतः थोडी वीज वापरत असते आणि सेल खोलवर रिकामा झाला की त्यातील तांबे विरघळू लागते. असा सेल नंतर भरणे असुरक्षित असते.

जे मराठी वाचक लेह किंवा कॅनडासारख्या थंड प्रदेशात राहतात, त्यांच्यासाठी नियम उलटा आहे. 0 अंशांच्या खाली चार्जिंग केल्यास लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपात साचते आणि त्यातून पुढे आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. तेथे बॅटरी आधी घरात आणून उबदार होऊ द्यावी आणि मगच चार्जर लावावा.

सातवी पायरी : धोक्याची चिन्हे आणि त्या वेळी काय करावे

पॅकचे आवरण फुगणे, गोडसर किंवा द्रावकासारखा वास येणे, चार्जिंग नसतानाही पॅक गरम राहणे, चार्जचा आकडा अचानक वीस-तीस टक्क्यांनी घसरणे, पडल्यामुळे किंवा धडकेमुळे पॅकला पोचा येणे, आणि पुराच्या पाण्यात गाडी बुडालेली असणे, यांपैकी काहीही आढळले तर बॅटरी वापरणे आणि भरणे त्याच क्षणी थांबवावे. ती मोकळ्या जागी, घरापासून व इतर वाहनांपासून दूर ठेवून अधिकृत सेवा केंद्राला कळवावे. धक्का बसलेला सेल काही तासांनी, कधी काही दिवसांनीही बिघडू शकतो.

सेलच्या आत घडते ते असे. सुमारे 80 ते 120 अंशांदरम्यान ग्रॅफाइटवरची संरक्षक साय मोडू लागते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. 130 अंशांच्या आसपास पॉलिथिलीनचा पडदा वितळतो आणि दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. 200 अंशांच्या पुढे एनएमसीमधून ऑक्सिजन सुटू लागतो, आणि तेथून सेल काही सेकंदांत शेकडो अंशांवर पोहोचतो. ही प्रक्रिया एकदा सुरू झाली की तिला बाहेरून हवा लागत नाही, म्हणून वाळू टाकून किंवा ब्लँकेटने गुदमरवून ती थांबत नाही. कोरड्या भुकटीचे अग्निशामक ज्वाला खाली बसवते, परंतु सेल थंड करत नाही, आणि थोड्या वेळाने पुन्हा भडका उडू शकतो. सतत आणि भरपूर पाण्याने पॅक थंड करणे हाच उपाय असतो, आणि ते काम अग्निशमन दलाचे आहे.

पॅकमधून धूर, शिट्टीसारखा किंवा फटफट आवाज येऊ लागला, तर घरातील सर्वांना लगेच बाहेर काढावे, शक्य असल्यास मुख्य स्विच दुरूनच बंद करावा, खोलीचे दार ओढून घ्यावे आणि 101 किंवा 112 वर कळवताना ही लिथियम बॅटरी आहे हे आवर्जून सांगावे. पांढरा धूर साधा समजू नये. त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असते. तो विषारी असतो आणि बंद खोलीत साचून त्याचा स्फोटही होऊ शकतो. जळती बॅटरी उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. आग विझल्यावरही ती बॅटरी परत घरात आणू नये, कारण काही तासांनी ती पुन्हा पेटल्याची उदाहरणे आहेत.

आठवी पायरी : निकामी बॅटरीची विल्हेवाट

क्षमता मूळच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आली की पल्ला कमी होतो आणि बहुतेक जण बॅटरी बदलतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची सोय करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. त्यामुळे नवी बॅटरी घेतानाच जुनी परत देऊन तिची पावती घ्यावी. ती भंगारात देऊ नये. तेथे तांबे आणि ॲल्युमिनियम काढण्यासाठी पॅक फोडला जातो, आणि थोडाही चार्ज शिल्लक असलेला सेल फोडताना हातातच पेट घेऊ शकतो. सेवा केंद्रात नेताना चार्ज तीस टक्क्यांच्या खाली आणावा, जोडणीची टोके विद्युतरोधक टेपने झाकावीत आणि पॅक आदळणार नाही अशा रीतीने बांधावा. पॅक फुगलेला असेल तर चार्ज कमी करण्याच्या खटपटीत न पडता केंद्राच्या माणसालाच घरी बोलवावे.